चाळीस संध्याकाळी

चपलेत पाय सरकवता सरकवता रत्नाकर म्हणाला, “अन् मुरली, रविवारी तू नको येऊ.” आवाज असा, की जणू दूधवाल्याला उद्या अर्धाच लिटर टाक म्हणून सांगतो आहे. मग त्यानं सायकलचं कुलूप काढलं, गल्लीत आडव्या बसलेल्या गाईला ‘चलो अम्मा’ म्हणत वळसा घातला आणि तो दीक्षितपुऱ्याच्या वळणावर दिसेनासा झाला. मी दारातच उभा होतो. माझ्या हातात त्याची बशी होती आणि बशीत त्यानं न खाल्लेलं बिस्किट होतं. रत्नाकर साळवे बिस्किट टाकणाऱ्यातला नाही. ते मी खाल्लं, कारण रिकाम्या तोंडानं विचार करायची मला सवय नाही. पण त्या दिवशी बिस्किट बराच वेळ घशातच राहिलं आणि विचार पुढं गेला.

रविवारी रत्नाकर पाळक होणार होता. बासष्टाव्या वर्षी. निवृत्त झाल्यावर माणसं टोमॅटो लावतात किंवा सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. यानं चार वर्षं पोस्टानं धर्मशास्त्राचे धडे मागवले, परीक्षा दिल्या, आणि आता त्याच्या चर्चच्या वरिष्ठांनी त्याला बरगीच्या धरणाकाठी एक मंडळी सांभाळायला दिली होती. मंडळी अगदी नवी. धरणाच्या पाण्यानं उठवलेली आणि पाण्याच्या काठाशीच पुन्हा बसलेली सतरा घरं, पत्र्याचं छप्पर घातलेली एक खोली आणि एक ढोलक. रत्नाकरला आयुष्यात दहा माणसांसमोर उभं राहून बोलण्याचा प्रसंग आला नव्हता. म्हणून गेला महिनाभर तो माझ्याकडे येत होता आणि मी त्याला धीर देत होतो. मी स्वतः कुठल्याच देवाच्या हजेरीपटावर नाही. पण फॅक्टरीच्या हजेरी ऑफिसात तीस वर्षं बसलो आणि नागपूरच्या एका साप्ताहिकात चोवीस वर्षं ‘चिमटे’ नावाचं सदर चालवलं, त्यामुळे माणसं बोलताना कुठं घसरतात ते मला जरा कळतं. चिमटा काढणाऱ्याकडे धीर मागायला येणं म्हणजे काय, हे रत्नाकरला तीस-पस्तीस वर्षांच्या ओळखीनंतर कळायला हवं होतं. पण आमची पिढी अशीच. छप्पन्न साली राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, ऑफिसातले निम्मे मराठी सामान बांधून निघाले, आणि आम्ही ‘बघू, चलो, होईल काहीतरी’ म्हणत इथंच हिंदी मुलखात राहिलो. तेव्हापासून जे जवळ असेल त्याच्यावर भागवायची सवय लागली. त्याच्याजवळ मी होतो.

त्याच फॅक्टरीच्या फोर्ज शॉपमध्ये, तापलेलं लोखंड ठोकण्यात, बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज आणि हात हे दोन्ही बिघडलेले असतात. तिथं हॅमर पडायला लागला की शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही, म्हणून बोलायचं ते हातांनी. मूठ वळली की थांब. तळवा खाली करून झटकला की सोड. दोन बोटं कपाळाला लावली की साहेब येतोय. हे सगळं रत्नाकरच्या अंगात इतकं मुरलं होतं, की ‘चहात साखर कमी’ म्हणतानाही त्याचे हात सबंध भट्टी पेटवून विझवत. आणि कान गेलेले, त्यामुळे आवाज एकतर फुटेस्तोवर मोठा, नाहीतर बंद. माझ्याकडे त्यानं पहिल्यांदा उपदेशाची सुरुवात म्हणून दाखवली तेव्हा शेजारचा बंडू भिंतीवरून डोकावून म्हणाला, “काका, भांडण होऊन राहिलं काय?” मी म्हणालो, नाही, शांतीचा संदेश चालू आहे. रत्नाकर हसला, पण कागदाची घडी घालून त्यानं तो खिशात ठेवला. त्यानंतर मी त्याला हात मागे बांधायला शिकवलं. “हात दिसले नाही की आवाज ताळ्यावर येतो,” मी म्हणालो. याला कसलाही आधार नव्हता. मी सदरात असे नियम पुष्कळ केले आहेत आणि वाचकांनी ते पाळल्याची पत्रंही आली आहेत.

“काहून नको येऊ म्हणाला असेल?” मी शरयूला विचारलं. ती गहू निवडत होती. माझी बायको माझा एकही लेख छापण्याआधी वाचत नसे, छापल्यावर वाचे आणि त्यात कोण दुखावेल त्यांची यादी तोंडी सांगे. यादी नेहमी बरोबर निघे.

“तुम्ही त्याचंही लिहाल म्हणून,” ती म्हणाली.

“मी लिहिणं बंद केलं त्याला तीन वर्षं झाली.”

“तोंड कुठं बंद केलं?” तिनं एक खडा बाजूला टाकला. मग सुपाकडेच बघत म्हणाली, “का त्या वहीचं कळलं त्याला?”

त्या वहीची आठवण मला आधीच झाली होती. शरयूनं ती मोठ्यानं केली इतकंच. सहा वर्षांपूर्वी रत्नाकरची बायको अंजनी गेली. साध्या तापानं, चार दिवसांत, मदन महल स्टेशनजवळच्या त्या दोन खोल्यांत जिथं तिनं आम्हाला नाताळात करंज्या आणि दिवाळीत केक खाऊ घातला होता, आणि उलटं का, असं विचारलं तर ‘त्या दिवशी तर सगळ्यांकडेच असते ना’ म्हणायची. मी पहिल्या दिवशी गेलो, भिंतीजवळच्या स्टुलावर बसलो आणि बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात स्टोअर्समधला मोहन आला. तो रत्नाकरचा हात धरून वीस मिनिटं स्वतःच्या मावशीच्या मरणाचं सांगत होता, जे त्याच्या मते यापेक्षा पुष्कळच वाईट होतं. त्याच्यामागून शेजारच्या गीताबाई आल्या, ‘रडून घ्या, रडून घ्या’ म्हणाल्या, आणि रत्नाकरला रडू येत नाही हे पाहून थोड्या रागावल्या. निघता निघता एकानं अंजनीच्या शिलाई मशीनचं आता काय करणार असं विचारलं. मी ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी जाण्याआधी मी एक वही उघडली. तिच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे: ‘सांत्वनाचे प्रकार’. खाली रेघ आहे, दुहेरी. रोज सहाला जायचो, स्टुलावर बसायचो, साडेसातला उठायचो आणि घरी येऊन जेवायच्या आधी ऐकलेलं वहीत उतरवायचो. बोलायचो नाही, कारण आपण बोललो की समोरच्याची वाक्यं विसरली जातात. उमेदीच्या काळात मी जे काही लिहिलं त्यात इतका पक्का माल मला दुसरीकडे मिळाला नाही. चौदा दिवसांत एकोणतीस माणसं. पंधराव्या दिवशी माणसं यायची थांबली. वहीत त्यापुढं मजकूर नाही, नुसत्या तारखा आहेत, एका खाली एक. मी जात राहिलो होतो. लेखाला शेवट सापडेल या आशेनं जात राहिलो असणार, दुसरं काय कारण असेल. रत्नाकर खिडकीशी बसायचा, मी स्टुलावर, मधूनमधून इटारसीकडची गाडी जायची तेव्हा कपाटातल्या बरण्या वाजायच्या आणि आम्ही दोघं बरण्यांकडे बघायचो. शेवट काही सापडला नाही. लेख छापला नाही. पण वही फाडलीही नाही. ती ट्रंकेत आहे, गरम कपड्यांच्या खाली, म्हणजे दर हिवाळ्यात एकदा हाताला लागते.

बुधवारी सकाळी मी त्याच्याकडे गेलो. जाताना वाटेत स्वतःशी तीन-चार प्रकारे कबूल करून पाहिलं. एकदा हसत, एकदा गंभीरपणे, एकदा रिक्षावाल्याशी पैशांची घासाघीस करता करता मधेच सांगून टाकल्यासारखं. यातला कुठलाच बरा वाटेना. लिहिलेल्या गोष्टींबद्दल मला आयुष्यात पुष्कळांनी जाब विचारला आणि मी प्रत्येकाला उत्तर दिलं. न छापलेल्या गोष्टीबद्दल काय बोलायचं याचा सराव नव्हता. रत्नाकर खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत होता. टेबलावर कागद.

“काहून नको येऊ?” मी दारातूनच विचारलं.

“काय?”

“रविवारी. काहून नको म्हणाला?” मी मोठ्यानं म्हणालो.

“हळू बोल ना बे, खालच्या लोकांना ऐकू जाते.” त्यानं पेन्सिल ठेवली. मान खाली घालून म्हणाला, “लाज वाटते मले. तू आहेस त्याच्यात.”

“कशात?”

“उपदेशात. तू समोर बसला असला तर तुझी गोष्ट कशी सांगू? अन् तू तर शब्द धरतोस. म्हणून म्हटलं, नको येऊ.” मग थोडं थांबून, “आता आलाच आहेस तर ऐक. मराठीत लिहिलं आहे. हिंदी तिथं गेल्यावर होईल.”

त्यानं हात मागे बांधले, मग कागद धरायला हात लागतो हे लक्षात येऊन एक सोडवला, आणि वाचायला लागला. पहिलं पान देवाचं होतं, ते मी शिष्टाचारानं ऐकलं. दुसऱ्या पानावर मी आलो. “माझी पत्नी गेली तेव्हा पुष्कळ लोक आले,” रत्नाकरनं वाचलं. “सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. मला त्यातलं एकही आठवत नाही. माझा एक मित्र आहे, बोलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तो रोज सहाला यायचा. स्टुलावर बसायचा. साडेसातला उठायचा. लोक येणं बंद झालं तरी तो यायचा. एकेचाळीस संध्याकाळी तो आला आणि एक शब्द बोलला नाही. तेव्हा तो मनात काय विचार करत होता ते मी विचारलं नाही. मंडळी कशी सांभाळायची म्हणून मला आज कोणी विचारलं तर मला तेवढंच येतं. मी येऊन बसेन.”

तो थांबला. पुढं पान नव्हतं. उपदेश तेवढाच होता. खालून गाडी गेली, बरण्या वाजल्या, आणि या वेळी फक्त मीच त्यांच्याकडे पाहिलं, कारण रत्नाकर माझ्याकडे पाहत होता. अनेक लेखक मला लेख दाखवताना असं पाहत. त्यांना मी काय उत्तर दिलं ते आठवलं की अजून बरं वाटतं. पण इथं मला स्पष्ट दिसत होतं, की हे दुसरं पान काढलं तर या माणसाजवळ रविवारसाठी काही उरत नाही; चार वर्षांचे पोस्टाचे धडे, सतरा घरं, पत्र्याची खोली, सगळं त्या स्टुलावर उभं होतं, आणि स्टुलावर काय चाललं होतं ते फक्त मला माहीत होतं. जन्मभर मी असल्या गोष्टींतली हवाच तर काढत आलो. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, तीन प्रकारांत.

“रत्ना,” मी म्हणालो, “हे बरोबर नाही.”

त्याचा चेहरा उतरला. “काय बरोबर नाही?”

“एकेचाळीस नाही. चाळीस. अठ्ठावीस तारखेला माझं पोट बिघडलं होतं. मी आलो नव्हतो.”

“नक्की?”

“नक्की. मी हजेरी ऑफिसातला आहे.”

रत्नाकर कागदावर वाकला. मग हळूच म्हणाला, “चाळीस.” पुन्हा म्हणाला, “चाळीस.” त्याच्या शास्त्रात चाळीस या आकड्याला फार मान आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यानंच मग सांगितलं, जगबुडीचा पाऊस किती दिवस, रानातली भटकंती किती वर्षं, उपास किती दिवस, सगळीकडे चाळीस. माझ्या पोटानं त्याच्या उपदेशाची एवढी सेवा केली होती. त्यानं पेन्सिलीनं एकेचाळीसवर काट मारली, वर नीट आकडा घातला, आणि तो खुर्चीत मागे टेकला; महिनाभरात मला त्याची पाठ टेकलेली दिसलीच नव्हती. “तू तपासलं म्हणजे झालं,” तो म्हणाला. “आता मले काही भीती नाही. तू येच रविवारी.”

घरी गेल्यावर शरयूनं विचारलं, “सांगितलं वहीचं?”

“नाही.”

“म्हणजे खोटं बोलले.”

“नाही,” मी म्हणालो. “एक दिवस कमी केला.”

ती ट्रंकेकडे वळली. मग म्हणाली, रविवारी निळा स्वेटर घाला, धरणावर वारा असतो. यादी वगैरे काही सांगितली नाही.

बरगीला आम्ही पहिल्या बसनं गेलो. बसमध्ये रत्नाकर कागदाची घडी उलगडत आणि पुन्हा घालत होता. पत्र्याची खोली पुढं, तिच्यामागे घरं, आणि घरांच्या मागे एकदम पाणी, इतकं की डोळ्यांना त्याचं काय करावं ते कळत नाही. खाली कुठंतरी या लोकांची जुनी गावं होती, विहिरी होत्या, हे मला माहीत होतं, पण पाणी दिसायला चांगलं होतं आणि ऊन पडलं होतं. खोलीत सतरंजी अंथरलेली, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, केस ओले करून बसवलेली पोरं. पाहुणा म्हणून मला मागे एक खुर्ची दिली. भजन झालं, ढोलक चांगलं वाजलं. मग रत्नाकर उभा राहिला आणि त्यानं हात मागे बांधले.

सहा वाक्यं ठीक झाली. सातव्याला तो थांबला. हिंदी आली नाही की मराठी आडवी आली, कोण जाणे. पण आवाज बाहेर येत नव्हता. लोक वाट पाहत होते, कोणालाही घाई नव्हती, आणि त्यामुळे ते आणखीच कठीण झालं. पाठीमागे धरलेल्या त्याच्या कोपरांची हाडं सदऱ्यातून वर आलेली मला इतक्या लांबून दिसत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो अडकलेला नव्हता, मी त्याला बांधून ठेवला होता. माझा तो बिनबुडाचा नियम हा माणूस जिवाच्या करारानं पाळत होता. त्याची नजर माझ्यावर आली. मी फोर्ज शॉपमध्ये हजेरी घ्यायला जायचो तेव्हा दोन-चार खुणा शिकलो होतो. मी तळवा खाली केला आणि झटकला. सोड.

त्याचे हात सुटले. पहिल्यांदा ते हवेत नुसते आले, मग त्यांच्यामागून आवाज आला, मोठा, पण फुटका नाही. आणि गंमत अशी, की समोरची माणसं त्याच्या तोंडाकडे बघायची थांबून हातांकडे बघायला लागली. ही सगळी कोळ्यांची वस्ती. एका नावेतून दुसऱ्या नावेशी वाऱ्यावर बोलायचं म्हणजे हातांनीच. रत्नाकरची हिंदी जिथं कमी पडत होती तिथं हात पुढं जात होते आणि पुढं बसलेला एक म्हातारा मान हलवून ‘हाँ हाँ’ म्हणत होता. मग उपदेशात मी आलो. ‘चालीस शाम,’ रत्नाकर म्हणाला, आणि चारी बोटं पसरून दाखवली. मी खुर्चीत खाली पाहत बसलो. अनेक लोक मी लेखात आणले होते. लेखात आणलेल्या माणसाला कसं वाटतं ते मला कळलं. ओळखू येतो आपण, आणि आपण तसे नसतो, आणि उठून सांगता येत नाही.

उपासना संपल्यावर सगळे रत्नाकरभोवती गोळा झाले. ‘पादरी जी’ म्हणायला लागले. तो प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेत होता आणि ओरडून नाव विचारत होता. मी बाजूला उभा राहून ते बघत होतो आणि मला फार बरं वाटत होतं. निळा स्वेटर किंचित गरम होत होता, बाकी तक्रार नव्हती. तेवढ्यात तो पुढं बसलेला म्हातारा माझ्याजवळ आला. खांद्यावर गमछा, पाय अनवाणी. टिकाराम नाव, त्यानं सांगितलं.

“दादा, वो जो बैठते थे, आप ही हो?”

मी रत्नाकरकडे पाहिलं. तो गर्दीत होता.

“हाँ,” मी म्हणालो.

“हमारी घरवाली को गए ग्यारह दिन हुए.” त्यानं हे तक्रार नसल्यासारखं सांगितलं. “थोड़ा हमारे यहाँ भी बैठ लो.”

मी काहीतरी म्हणणार होतो. मी तसा नाही, मी या मंडळीचा नाही, माझी बस आहे. पण तो उत्तराला थांबलाच नाही. पाठ वळवून चालायला लागला होता, मी मागून येतो आहे याची खात्री असल्यासारखा. मी मागून गेलो.

घर म्हणजे एक खोली आणि पुढं पाण्याकडे तोंड केलेली ओसरी. ओसरीभर फाटकं जाळं पसरलेलं. त्यानं मला खाट दाखवली, स्वतः खाली बसला, सुई घेतली आणि जाळं विणायला लागला. मी बसलो. आत चुलीजवळ एक पितळी तांब्या पालथा होता. पाण्यावर एक बगळा बराच वेळ एकाच जागी होता. इथं दुसरं कोणी येत नव्हतं, काही सांगत नव्हतं, मला ऐकून ठेवण्यासारखं काहीच नव्हतं, आणि हातांचं काय करायचं ते मला समजत नव्हतं. दहा मिनिटं गेली असतील, कदाचित वीस. टिकारामनं एकदा नाक गमछ्याला पुसलं. मी बगळ्याकडे पाहिलं.

मग ओसरीच्या कडेशी रत्नाकर आला. घामेजलेला, खूश, गळ्यात झेंडूची माळ. “मुरली, बस लागली आहे,” तो म्हणाला, त्याच्या मानानं हळू.

“दुसरी कधी आहे?”

“चारला.”

“मग चारला,” मी म्हणालो.

रत्नाकरनं माझ्याकडे पाहिलं, टिकारामकडे पाहिलं.  मग तो वर चढून आला आणि खाटेवर माझ्या शेजारी बसला. खाट करकरली. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि बस गेली. टिकारामनं सुईत नवा दोरा ओवला, जाळ्याचं लोंबणारं टोक उचललं आणि, एकाला पादरी आणि दुसऱ्याला पाहुणा न समजता, आम्हा दोघांच्या मांड्यांवर पसरून दिलं.

“पकड़े रहना,” तो म्हणाला.